जुबेदाआपा दारातून परत फिरली

जुबेदाआपाला मी पहिल्या भेटीत दारातूनच हाकललं होतं. "नवरा मेलाय माझा, बांगड्या कुणाला भरतेस?" असं तोंडावर म्हटलं आणि कडी लावून घेतली. बाई गेली नाही. दाराबाहेर पेटी टेकवून बसून राहिली. बऱ्याच वेळाने फटीतून हळूच आवाज आला, "मेलाय ते माहीत आहे गं. कशाने मेला तेही माहीत आहे. माझाही त्यानेच मेला. आता उघडतेस का? गुडघे दुखतात माझे." मग झक मारत दार उघडलं.

मी आम्रपाली. माहेर बुलढाण्याकडचं, लग्न होऊन हडपसरला आले ती इथलीच झाले. नवरा कंपनीत होता, आता मी त्याच कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते. तोंडाने फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. आणि मला एचआयव्ही आहे. हेही आधीच सांगते, कारण हे सगळ्या हडपसरला ठाऊक आहे. एका वर्षी एक डिसेंबरला, एड्स दिनाला, मी स्टेजवर जाऊन बोलले होते. पेपरवाल्यांनी नावासकट फोटो छापला. फोटो चांगला आला होता, पण त्यानंतर माझ्या हातचं पाणी प्यायला लोक विचार करायला लागले. करू देत. तहान त्यांना लागते, मला काय.

तर त्या दिवशी आपा आत आली, माझा हात मांडीवर घेतला आणि बांगड्या भरायला लागली. मी विधवा, ती मुसलमान, आणि बाहेर घरमालकीण कान लावून उभी. आपा म्हणाली, "हात सैल सोड, ताठ धरलास की काच वाढते." बांगडी फुटली असं ती कधीच म्हणायची नाही, वाढली म्हणायची. बांगड्या भरता भरता तिने मला गोळ्यांचं सगळं सांगितलं. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, रोज घ्यायच्या, चुकवायच्या नाहीत, घेतल्या तर म्हातारी होऊन मरशील. मी रडत होते आणि ती मध्येच "हा रंग शोभतो हं तुला" म्हणत होती. असली बाई मी जन्मात पाहिली नव्हती.

तिची कामाची रीतच ही होती. मणियाराची मुलगी, जन्म गंज पेठेतला, वडील अकबरचाचा आयुष्यभर बांगड्या विकत फिरले. आपाचं लग्न अझीम नावाच्या ट्रक ड्रायव्हरशी झालं. तो नगर रोडवर गाडी चालवायचा, हौशी होता, गाणी म्हणायचा, आणि आजार घेऊन घरी आला. तो गेल्यावर सासरच्यांनी आपाला माहेरी आणून सोडलं. ताट वेगळं, साबण वेगळा. अकबरचाचांनी मात्र एक दिवस आपली पेटी तिच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, "घरात बसून झुरू नकोस. लोकांच्या बायकांचे हात धरायचा धंदा आहे आपला, तोच कर." हे सांगताना आपाच्या डोळ्यांत दरवेळी पाणी यायचं आणि दरवेळी ती म्हणायची, कांदा चिरला मघाशी.

बांगडीवाली कुठल्याही घरात जाऊ शकते. तिला कुणी विचारत नाही, का आलीस. हिंदूचं घर असो, मुसलमानाचं असो, सासू दारात बसलेली असो, बांगडीवालीला आत घेतात, पाणी देतात, सुनेला हाक मारतात. मग ती सुनेचा हात हातात घेऊन वाटेल तेवढा वेळ बसते, हळू आवाजात बोलते, आणि कुणाला काही वाटत नाही. गेल्या खेपेला अडीचची बांगडी बसली होती त्या मनगटात आता दोन-चारची, म्हणजे दोन मापं लहान, तीही सैल होतेय, हे तिच्या बोटांना आधी कळायचं. मग ती विचारायची, "काय गं, जेवण कमी झालंय की दुसरं काही थांबवलंयस?" बाई ओळखायची काय विचारतेय ते.

'सोबत' नावाची आमची संस्था होती. गाडीतळाच्या मागे दोन खोल्या, बाहेर शिवणक्लासचा बोर्ड. आत खरोखर मशिनी होत्या, बायका खरोखर ब्लाउज शिवायच्या, त्यामुळे घरी सांगायला काहीतरी असायचं. शेफालीताई सगळं बघायची. शिकलेली मुलगी, पण नाक वर नव्हतं. आपा आणि आणखी काही जणी घरोघर जायच्या. मी पगारावर नव्हते, सुट्टीला जाऊन चहा करायचे आणि भांडायचे.

आमचा नियम एकच, आणि तो आपाने आमच्या डोक्यात खिळ्यासारखा ठोकला होता. कुणाचं नाव कुणाला सांगायचं नाही. घरच्यांना तर नाहीच नाही. ज्याचा आजार, त्याने सांगावं, नाहीतर राहू द्यावं. एकदा एका नव्या मुलीने चुकून एका बाईच्या जावेसमोर 'गोळ्या' हा शब्द काढला. त्या बाईला त्याच संध्याकाळी घराबाहेर काढलं. तेव्हापासून आपा कुणाच्या घरात असली की 'गोळी' हा शब्दच तोंडातून काढायची नाही. आणि मला कुणाच्या घरी पाठवायचे नाहीत, कारण माझं तोंड पेपरात आलेलं. मी ज्या दारात उभी राहीन त्या घराबद्दल गल्ली समजायचं ते समजून घेणार.

पायल आमच्याकडे वाघोलीहून यायची. शिवणक्लासच्या नावाखाली दोन बस बदलून. वय असेल सव्वीस-सत्तावीस, नवरा दिग्विजय गोदामात कामाला, मूलबाळ नाही. आजार त्याच्याकडून आलेला. पायल गोळ्या नेमाने घ्यायची, तो घ्यायचा नाही, वर दारू. पायल दवाखान्यातून आणलेल्या गोळ्या कॅल्शियमच्या बाटलीत भरून घरी न्यायची, कारण घरात सासू. गोदाबाई म्हणजे जुन्या वाघोलीची, कडक बाई. पायल तिची नक्कल करून आम्हाला हसवायची, "काय गं, किती ती हाडं मजबूत करतीस, घर बांधायला काढलंय का?" आपाचा पायलवर फार जीव. तिला दवाखान्यात न्यायला आपा स्वतः जायची. म्हणायची, "ही माझ्या वयाची होईपर्यंत हिला जगवणार. मग मी मरायला मोकळी."

मग संस्थेला अमेरिकेतून येणारा पैसा थांबला. आम्हाला कुणी समजावून सांगितलं नाही की नेमकं काय झालं. तिकडे कुणी तरी काही तरी ठरवलं, इकडे शेफालीताईच्या कॉम्प्युटरवर मेल आला. गोळ्या थांबल्या नाहीत, त्या सरकारच्या, त्या दवाखान्यात मिळतच होत्या. पण गोळीपर्यंत माणसाला हाताला धरून नेणारी जी माणसं होती, ती थांबली. मोठमोठे लोक टीव्हीवर म्हणत होते की औषधांवर परिणाम नाही. बरोबर आहे हो साहेब. पाणी आहेच विहिरीत, फक्त पोहरा तेवढा काढून घेतला.

खोल्या सोडल्या. मशिनी टेम्पोत भरून नेल्या. शेफालीताईने सगळ्यांना बोलावून सांगितलं, एकेकीला मिठी मारली आणि रडली. संस्थेचे फोनही परत करायचे होते. त्यातला एक नंबर सगळ्यांनी आपापल्या मोबाईलमध्ये 'क्लास मॅडम' म्हणून ठेवलेला होता. तो नंबर बंद झाला. त्याच्या आधी शेफालीताईने जमेल तेवढ्या जणींना फोन करून सांगितलं, पण काही फोन नवऱ्याने उचलले, काही उचललेच नाहीत. पुढे ती नाशिकला नोकरीला गेली. घरोघर जाणाऱ्यांतली एक आयटी पार्कात हाउसकीपिंगला लागली, एक गावी परतली, एक कुणाची तरी मुलं सांभाळते. पोट कुणाला चुकलंय?

आपा फिरतच राहिली. मी म्हटलं, "आपा, पगार बंद झाला, आता कोणासाठी मरतेस?" तर माझ्यावरच खेकसली, "पगार मला फिरायचा मिळत होता, ओळखायचा नाही. ओळख बंद होते का?" पूर्वी बांगड्या हे निमित्त होतं, आता खरंच विकाव्या लागायच्या. रविवारी ती हडपसरच्या मंडईच्या तोंडाशी पेटी मांडून बसायची. आमच्यातलं ज्याला भेटायचं त्याने गिऱ्हाईक होऊन यायचं. माझी खोलीही रविवारी भरायला लागली. ज्याची दवाखान्याची तारीख असेल त्याच्याबरोबर दुसऱ्या कुणीतरी जायचं, रजा टाकून, रिक्षा करून, कसंही. एका रिक्षावाल्याने, तोही आमच्यातलाच, दवाखान्याला जाणाऱ्याकडून भाडं घेणं सोडून दिलं. आम्ही आमच्यापुरतं बरंच सावरलं. पण हे जवळच्यांपुरतं. लांबचे, ज्यांचं घराबाहेर पडणंच आमच्या बोर्डावर अवलंबून होतं, ते हातातून निसटायला लागले. वाघोली लांब.

क्लास बंद झाल्यावर पायल एकदाच आली, आपाबरोबर जाऊन गोळ्या घेऊन गेली. मग उन्हाळ्यात दिग्विजय गेला. ते आम्हाला कळलंही उशिरा, तिच्या गल्लीतल्या दुसऱ्या एका बाईकडून. पायलचा फोन त्याच्या नावावर होता, तोही बंद. नवऱ्यामागे तरुण सून घरात बसलेली, क्लास नाही, फोन नाही, घराबाहेर पडायला कारण नाही. आपा बोटांवर मोजत बसायची की पायलकडच्या गोळ्या कधी संपल्या असतील. मोजायची आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायची.

"मी जाते," मी म्हटलं.

"तू कोण म्हणून जाणार? पेपरातली बाई म्हणून?"

"मग तू जा."

"विधवेच्या घरी बांगडीवाली कशी जाणार, सांग ना."

"माझ्याकडे आली होतीस की!"

"तुझ्याकडे सासू नव्हती," आपा म्हणाली.

शेवटी तिने श्रावणाची वाट पाहिली. नागपंचमीच्या आधी गल्लीत सगळ्याच बायका बांगड्या भरतात, तेव्हा बांगडीवाली दारोदार हिंडली तर कुणाच्या डोळ्यावर येत नाही. आपा पेटी घेऊन वाघोलीला गेली. शेजारची दोन घरं केली आणि मग गोदाबाईच्या दारात उभी राहिली. गोदाबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. तिने मानही वर केली नाही. म्हणाली, "पुढं जा. आमच्यात बांगड्या भरणारं कुणी न्हाई आता."

"पाणी तरी द्या, मावशी," आपा म्हणाली. तिला वाटलं, पाणी घेऊन पायल येईल.

पायल आली नाही, पण आतल्या दाराशी दिसली. आपाने सांगितलं तेव्हा तिचा आवाज चिरकला होता. "अगं, पदर सावरायला हात वर केला तिने. मनगट बघितलं मी. माझ्याकडे त्या मापाची बांगडी नाही, लहान पोरींची सोडली तर." पायलने आपाला पाहिलं. काही बोलली नाही. सासू समोर, काय बोलणार? पाणी गोदाबाईने स्वतः आणून दिलं आणि दार लोटून घेतलं.

आपा शेजारच्या ओट्यावर जाऊन बसली आणि तिथल्या बायकांशी मोठमोठ्याने बोलायला लागली. "दर रविवारी हडपसरच्या मंडईच्या तोंडाशी बसते मी. जुबेदा म्हणून विचारा, कुणीही सांगेल. आजारी माणसाला सोबत घेऊन आलात तरी चालेल, मी सगळं बघून देते." बायका हसल्या, बांगडीवाली डॉक्टर झाली म्हणाल्या. आपाही हसली. बंद दाराच्या आत एका पोरीच्या कानांवर पडावं एवढ्यासाठी ती घसा फोडत होती.

परत आली ती माझ्याकडेच. मी जेवायला वाढलं, ताटाला हात लावला नाही. मी भडकले. "एक शब्द बोलायचास ना म्हातारीला! सांगायचं, तुझी सून मरतेय, औषध पाहिजे तिला. काय केलं असतं तिने?"

"घराबाहेर काढलं असतं."

"काढू दे! माझ्याकडे राहिली असती."

"हे तू ठरवणार? मी ठरवणार? तिने स्वतः तोंड उघडलं नाही, आम्रपाली. मी तिचं नाव कसं फोडू? एवढ्या वर्षांत एक नाव नाही फोडलं मी. ते फोडलं तर उद्या कोण दार उघडेल मला?"

मला तेव्हा ते पटलं. अजूनही पटतं, आणि तरी राग येतो, कुणाचा ते कळत नाही. नियम चुकीचा नव्हता. त्या नियमानेच किती जणींची घरं टिकली आहेत.

आपा आणखी दोनदा गेली. दार बंदच. एकदा तर गोदाबाईने लांबूनच हात हलवून तिला पुढे पिटाळलं. आपा रविवारी मंडईत बसायची आणि वाघोलीच्या बसमधून उतरणाऱ्या प्रत्येक बाईकडे मान वर करून बघायची. गिऱ्हाइकाचा हात हातात आणि लक्ष बसकडे. बांगड्या फुटायच्या. एकदा एक बाई चिडून उठून गेली, तरी आपाला कळलं नाही.

दसरा झाल्यावरच्या रविवारी बसमधून गोदाबाई उतरली. एकटी. चपला धुळीने माखलेल्या, नऊवारीचा पदर खांद्यावरून घसरलेला. मी त्या दिवशी आपाशेजारी बसले होते. म्हातारी सरळ पेटीपुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "जुबेदा तूच न्हवं? चल. पायल बोलावती."

रिक्षात बसल्यावर कळलं. पायलला महिनाभर ताप होता. वाघोलीतल्या डॉक्टरने टायफॉईड म्हणून औषध दिलं, मग दुसऱ्याने कावीळ म्हणून दिलं. श्वास लागायला लागला तेव्हा मोठ्या दवाखान्यात आणलं. तिथे रक्त तपासलं. आदल्या संध्याकाळी पायल सासूला म्हणाली होती, "आत्या, मंडईत बांगडीवाली बसते, तिला आणा. तिला सगळं माहीत आहे."

आम्ही पोचलो तेव्हा पायलच्या तोंडावर मास्क होता. डोळे उघडे होते. आपाने तिचा हात घेतला, तसाच, भरायला घेतात तसा. पायलने बघितलं. ओळखलं, एवढं नक्की. काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, मास्कमध्ये वाफ धरली फक्त. आपा म्हणाली, "बोलू नकोस. मी आलेय ना." डॉक्टर तरुण होते, चांगले होते. बाहेर बोलावून म्हणाले, फार उशीर झाला. दोन महिने आधी आणायला हवं होतं. त्यांचं काय चुकलं? आम्हीही तेच म्हटलं असतं.

बाहेर व्हरांड्यात आम्ही तिघी बाकावर बसलो. गोदाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मग एकाएकी म्हणाली, "मला म्हाईत हुतं."

आपाने तिच्याकडे बघितलं.

"पोरगं माझं मरायच्या आधी बोललं मला. आई, मला एचआयव्ही हाय, पायलला बी माझ्यामुळं. तिला कळू द्यू नको तुला म्हाईत हाय ते, ती लाजंनं जीव दील. शपथ घातली मला. त्या कॅल्शियमच्या बाटलीत काय असतं ते बी त्यानंच सांगितलं. मी रोज बघायची, ती कॅल्शियमची बाटली काढती का. बाटली काढायची, पाणी प्यायची. मला वाटायचं, घेतीया औषध. रिकामी बाटली हुती ती, बाई. मला दाखवायला पाणी पीत हुती."

एकीने लपवायला पाणी प्यायचं आणि दुसरीने बघून समाधान मानायचं. एका घरात, एका चुलीवर जेवणाऱ्या दोघी.

"डॉक्टरला का नाही सांगितलं?" मी जरा जोरातच बोलले.

"गावातला डॉक्टर. त्याची बायको भावकीतली. सांगितलं असतं तर सांजच्याला गावभर." मग ती आपाकडे वळली. "आन् तुला दारातनं का हाकललं म्हाईत हाय का? घरोघरी फिरणारी बाई. मला वाटलं, हिनं पोरीचं मनगट बघितलं, त्वांड बघितलं, तर वळखंल आन् चार घरी सांगंल. तुझ्यापासनं लपवत हुते मी तिला."

आपाचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता, अझीमबद्दल बोलतानाही नाही. मग म्हणाली, "आणि मी तुमच्यापासून लपवत होते, मावशी. तुम्हाला कळू नये म्हणून पाणी पिऊन परत गेले."

"एक शब्द बोलायचास गं," गोदाबाई म्हणाली. "दाराशी बसून एकच शब्द. हाताला धरून आत वढलं असतं मी तुला. पाया पडले असते तुझ्या."

दोघी एकमेकींना धरून रडल्या. मी उठून भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मला कुणाला तरी शिव्या द्यायच्या होत्या आणि समोर शिव्या द्यायला कुणी नव्हतं. या दोघींना देणार? ज्याने मेल पाठवला त्याला देणार? तो इंग्रजीत कुठे तरी सुखाने जेवत असेल.

पायल दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

आम्ही स्मशानात गेलो, पण नेहमीसारखे, सुटे सुटे. निरोप एकाने दुसऱ्याला दिला होता. कुणी फाटकाशी, कुणी झाडाखाली, कुणी रस्त्यापलीकडे मोबाईल बघत. एकमेकांना ओळख दाखवायची नाही, हेही त्याच नियमातलं. रिक्षावाला रिक्षातच बसून होता. हाउसकीपिंगची मुलगी युनिफॉर्मवरच आली होती. मी सगळ्यांत लांब, पाठ करून.

दवाखान्यातून पायलला घेऊन गाडी आली. पायलचे चुलत दीर, चुलत सासरे, भावकीतले बाप्ये जमले होते. बायका फारशा नव्हत्या, पण गोदाबाई कुणाचं न ऐकता आली होती. कुणीतरी तिला विचारलं, "काकू, टायफॉईडनं एवढं झालं व्हय?"

गोदाबाई म्हणाली, "टायफॉईड न्हाई. एचआयव्ही हुता तिला. माझ्या लेकानं दिला. औषध हुतं, मिळत हुतं, पर मी गप बसले आन् ती बी गप बसली. बास झालं आता गप बसणं."

कुणी पळून वगैरे गेलं नाही, आजकाल लोक शिकलेत. फक्त एकाएकी सगळ्यांना फोन आले. एक जण बोलत बोलत बाजूला गेला, दुसऱ्याला गाडी नीट लावायची आठवण झाली, तिसऱ्याची कंबर दुखायला लागली. पायल गाडीत तशीच. गोदाबाई एकटी गाडीच्या दांड्याला धरून उभी.

आधी आपा पुढे गेली. मग मी. मग रिक्षातून तो उतरला, युनिफॉर्मवाली आली, फाटकाशी उभा असलेला म्हातारा आला. झाडाखालून, रस्त्यापलीकडून, ज्यांची नावं मलाही नीट ठाऊक नव्हती असे लोक पुढे आले. सगळ्यांच्या देखत. भावकी बघत होती, कुणी फोनवर शूट करत होतं, आमच्यातल्या कुणाच्या तरी घरमालकाने, कुणाच्या तरी सुपरवायझरने ते उद्या बघितलं असतं. कुणी तोंड लपवलं नाही. तिरडीला एवढे हात लागले की दोघातिघांना जागाच मिळेना. ते नुसते शेजारून चालत राहिले. गोदाबाईही शेजारून चालली, तिने आपाचा हात धरला होता.

मला आतून भरून आलं. आमचं कुणीच नाही असं म्हणत होतो आणि बघा, आहे की. परत निघताना मी आपाला तसं म्हटलंही. "बघितलंस का, किती जण आले आपले!"

आपा फाटकाशी थांबली. माझ्याकडे बघितलं तेव्हा तिच्या तोंडावर राग होता, नुसता राग, आणि खाली सगळं फुटलेलं.

"आले ना," ती म्हणाली. "उचलायला एवढी माणसं आली. तिच्या दारात जाऊन एक शब्द बोलायला मात्र मी एकटी होते आम्रपाली, आणि मीही बोलले नाही."

मी तिला जवळ घ्यायला गेले. तिने मला हाताने बाजूला केलं आणि फाटकाच्या कडेला जमिनीवरच बसली. मग आम्ही सगळेच तिच्याभोवती बसलो.